घाबरट कुत्रा आणि जळकी मांजरी

जंगल संपून डांबरी रस्ता जिथे सुरू होतो, तिथे टेकडीच्या पायथ्याशी एक कौलारू घर होते आणि त्या घरात एक मांजरी राहत असे. घर तसे सगुणाबाईंचे. सगुणाबाई आरोग्यसेविका होत्या. रोज सकाळी खांद्याला पिशवी अडकवून त्या जंगलातल्या पाड्यांवर जात, लहान मुलांना लस टोचत, बाळंतिणींची चौकशी करत आणि उन्हे कलली की परत येत. पण मांजरीला विचारले असते, तर तिने सांगितले असते की घर माझे आहे आणि सगुणाबाई माझ्याकडे राहायला आहेत.

या मांजरीचा थाट मोठा होता, मुलांनो. दुधावरची साय तिची. चुलीजवळची उबदार जागा तिची. संध्याकाळी सगुणाबाई ओट्यावर पाय पसरून बसत, तेव्हा त्यांची मांडीही तिचीच. दिवसभर दाराला कुलूप असे, त्याचे तिला काहीच वाटत नसे. स्वयंपाकघराच्या खिडकीचा एक गज निखळलेला होता. मनात आले की त्या फटीतून ती बाहेर जाई, कंटाळा आला की आत येऊन झोपे. सगुणाबाई गेल्या काय आणि आल्या काय, मांजरी एक डोळा उघडून पाही आणि पुन्हा मिटून घेई.

एका संध्याकाळी मात्र सगुणाबाई एकट्या आल्या नाहीत. त्यांच्या कडेवर एक काळापांढरा कुत्रा होता. बरगड्या मोजून घ्याव्यात असा वाळलेला, आणि गळ्यात सुंभाचा तुटका तुकडा.

शेजारच्या द्वारकाकाकू कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. "हे काय हो बाई? कुठून उचललंत?"

"वरच्या पाड्यावरून," सगुणाबाई म्हणाल्या. "याची माणसं गाठोडी बांधून वीटभट्टीवर गेली. दाराला कुलूप, आणि हा आपला त्या कुलपाकडे बघत बसलेला. कुणी भाकरी टाकली तरी तोंड लावेना. तिथंच मेला असता."

मांजरीने चुलीजवळून हे ऐकले. तिला कुत्र्याची कीव आली नाही. तिला एवढेच दिसले की सगुणाबाईंनी तिच्या बशीत त्याला दूध दिले, आणि वरची सायसुद्धा बाजूला काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाई कुलूप लावून गेल्या, आणि घरात आकांत सुरू झाला. कुत्रा दारावर पंजे मारू लागला. मग रडू लागला. ते रडणे एवढे मोठे होते, की द्वारकाकाकूंनी दोनदा येऊन कुलूप ओढून पाहिले. दुपारपर्यंत त्याने दाराचा खालचा काठ कुरतडला, सगुणाबाईंची चप्पल फाडली आणि घराच्या मधोमध घाण केली.

फळीवर बसलेल्या मांजरीला मनातून गुदगुल्या होत होत्या. 'रड, आणखी रड,' ती मनात म्हणाली. 'आज संध्याकाळी तुझी रवानगी झालीच म्हणून समज.'

संध्याकाळी सगुणाबाई आल्या. त्यांनी दार पाहिले, चप्पल पाहिली. मांजरी कान टवकारून बसली. पण सगुणाबाईंनी हात उगारला नाही. घाण पुसली, हातपाय धुतले, आणि त्या तशाच जमिनीवर कुत्र्याशेजारी बसल्या. "तुला वाटलं, मीही गेले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. कुत्र्याने त्यांच्या पायावर हनुवटी टेकली. त्या संध्याकाळी ओट्यावर कुणी बसले नाही आणि मांजरीला मांडी मिळाली नाही.

मांजरीच्या पोटात पहिली ठिणगी पडली ती तेव्हा.

त्यानंतर त्या घरात कुत्र्याची एक निराळीच शाळा भरू लागली. सगुणाबाई सुट्टीच्या दिवशी पिशवी खांद्याला अडकवत, दार ओढून घेत आणि कुत्रा रडायच्या आतच परत येत. पुन्हा जात, पुन्हा येत. कधी विहिरीपर्यंत, कधी वाण्यापर्यंत. जाताना त्याला कुरवाळत नसत, आल्यावर कौतुक करत नसत. रोजच्यासारखे जायचे, रोजच्यासारखे यायचे. कामाला जायच्या आधी भल्या पहाटे त्या त्याला ओढ्यापर्यंत फिरवून आणत, म्हणजे तो दमून पडे. आपले नेसून विरलेले लुगडे त्यांनी घडी घालून कोपऱ्यात अंथरले, म्हणजे त्याला त्यांचा वास येत राहील. नारळाच्या करवंटीत दही-भाकरीचा काला घट्ट दाबून त्या त्याच्यापुढे ठेवत. करवंटी चाटून साफ करण्यात त्याचा बराच वेळ जाई आणि रडायचे राहून जाई.

हे सगळे पाहून द्वारकाकाकू एकदा म्हणाल्याच, "अहो बाई, माणसांच्या पोरांचे एवढे लाड कुणी करत नाही."

"लाड नाहीत काकू," सगुणाबाई म्हणाल्या. "एकदा सोडून दिलेलं जनावर आहे. गेलेलं माणूस परत येतं, हे त्याला शिकवावं लागतंय."

"आणि तुमची मांजर? तिचं काय?"

"तिला काय धाड भरलीये? तिला काही लागत नाही. शहाणी आहे ती."

शहाणी हा शब्द ऐकून एरवी मांजरीची शेपटी ताठ झाली असती. त्या दिवशी तो तिला काट्यासारखा रुतला. म्हणजे जो रडतो, दार कुरतडतो, घरात घाण करतो, त्याला लुगडे आणि काला. आणि जी गुमान झोपते, तिला काय? तर शहाणपण. ते काय चाटून खायचे?

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई निघाल्या, तेव्हा मांजरी उंबऱ्यावर आडवी झाली आणि जमेल तेवढ्या करुण आवाजात ओरडू लागली. सगुणाबाई थबकल्या. त्यांनी तिला उचलले, पोट दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "अपचन झालंय. उंदीर बाधला वाटतं." मग त्यांनी तिचा जबडा उघडून चमचाभर एरंडेल आत ओतले आणि त्या कामाला निघून गेल्या.

अंगणातल्या शेवग्यावर एक कावळा बसत असे. त्याने हे सारे पाहिले होते. तो म्हणाला, "काय मावशी, रडून काय मिळालं?"

"तुझी चोच आवर," मांजरी म्हणाली आणि दिवसभर तोंड चाटत राहिली. पण त्या एरंडेलाहून कडू असे काहीतरी तिच्या मनात साचत चालले होते.

सर्वांत वाईट गोष्ट ही, की कुत्र्याला तिच्याविषयी काडीचाही राग नव्हता. तो तिला मान देई. ती लुगड्याजवळून गेली तर सरकून जागा करी. "मावशी," तो एकदा म्हणाला, "तुला भीती कशी वाटत नाही? दार बंद झालं की माझ्या छातीत कुणी मुठीनं आवळल्यासारखं होतं."

"मला नाही होत," मांजरी तुटकपणे म्हणाली.

"मग मी तुझ्याकडे बघत राहीन," कुत्रा म्हणाला. "तू झोपलीस, की समजेन सगळं ठीक आहे."

आणि खरोखरच तसे होऊ लागले. सगुणाबाईंच्या शाळेचा गुण म्हणा किंवा झोपलेल्या मांजरीकडे पाहत राहण्याचा म्हणा, कुत्र्याचे रडणे दिवसेंदिवस कमी झाले. तो काला खाई, लुगड्यात नाक खुपसून पडे, दाराकडे पाहत राही, पण दारावर पंजे मारत नसे. सगुणाबाई घरी आल्या की त्यांना शाबूत चप्पल दिसे आणि त्यांचा चेहरा फुले. तो फुललेला चेहरा कुत्र्यामुळे होता. मांजरीने कधी एकदाही चप्पल फाडली नव्हती, पण त्यासाठी कुणाचा चेहरा फुलल्याचे तिला आठवेना.

मग तो दिवस आला. दूरच्या पाड्यांवर मोठे शिबिर होते. सगुणाबाईंनी नेहमीची पिशवी न घेता कपाटावरची मोठी पिशवी काढली आणि ती औषधांनी, कागदांनी भरली. निघताना म्हणाल्या, "आज उशीर होईल रे." आणि कुलूप लावून गेल्या.

कुत्रा लुगड्यावर बसला, पण त्याने काल्याला तोंड लावले नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "मावशी, उशीर म्हणजे काय?"

मांजरी फळीवर होती. खरे उत्तर तिला ठाऊक होते. शिबिराचे दिवस तिने कितीतरी पाहिले होते. पण तिने पंजा चाटता चाटता निराळेच उत्तर दिले.

"पिशवी पाहिलीस ना आजची? मोठी होती."

"हो."

"तुझी आधीची माणसं गेली, तेव्हा त्यांनी काय घेतलं होतं?"

कुत्र्याच्या डोळ्यांसमोर गाठोडी आली असणार.

"माणूस मोठं ओझं घेऊन निघालं, की ते परत यायचं नसतं," मांजरी म्हणाली. "मला त्याचं काही नाही. माझ्यापाशी खिडकी आहे. त्या पिंपावर चढ, तुलाही दिसेल. एक गज नाही तिथं."

तिला वाटले होते, तो आता रडेल. रडला असता तर बरे झाले असते. पण तो रडला नाही. तो उठला, पिंपावर चढला आणि त्या फटीत घुसला. चौकटीला एक खिळा होता. त्या खिळ्याने त्याची कूस फाटली, तरी तो थांबला नाही. बाहेर पडल्याचा धप्प आवाज आला, आणि मग काहीच नाही.

"गेला एकदाचा," मांजरी म्हणाली.

तिने खाली उतरून काला खाल्ला. सगळा. मग ती लुगड्याच्या अगदी मधोमध पाय ताणून पडली. लुगडे तिचे, घर तिचे, संध्याकाळी मांडीही तिचीच होणार होती. तिने डोळे मिटले.

झोप येईना. तिने कूस बदलली. लुगड्याला सगुणाबाईंचा वास येत होता, त्यात कुत्र्याचाही मिसळला होता. घर शांत होते. पूर्वीही ते असेच शांत असे, पण तेव्हा तिला ती शांतता ऐकू येत नव्हती. आता येऊ लागली. कौलातून काहीतरी खसपसले. पिंपातले पाणी टिपटिपले. इतके दिवस या वेळी कुत्र्याचा श्वास चाले, एका लयीत, आणि ती त्या लयीवर झोपत असे. हे तिला आज कळले.

दुपार टळली. उन्हे उतरली. सगुणाबाईंची रोजची यायची वेळ झाली आणि निघूनही गेली. मांजरी उठून खिडकीत बसली. 'आज उशीर होणारच आहे,' तिने स्वतःला बजावले. 'शिबिर आहे.' पण मग तिला ती मोठी पिशवी आठवली. खरेच फार मोठी होती. इतकी मोठी पिशवी या आधी कधी नेली होती का? माणूस मोठे ओझे घेऊन निघाले, की...

हे तर तिचेच शब्द होते. तिनेच रचलेले. तरी ते तिच्या छातीत शिरून बसले आणि कुणी मुठीने आवळावे तसे आवळू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच मांजरी रस्त्याकडे डोळे लावून बसली. कुत्र्याने काय सोसले होते, ते तिला कुणी सांगायची गरज उरली नाही.

सूर्य टेकडीला टेकला, तेव्हा कावळा शेवग्यावर रात्रीच्या मुक्कामाला आला.

"कावळ्या," मांजरी म्हणाली, "तू कुत्र्याला पाहिलंस का?"

"पाहिलं की. वरच्या पाड्यावर त्या कुलपासमोर बसलाय. अंगातून रक्त येतंय." कावळ्याने चोच फांदीला पुसली. "त्या बाजूला हल्ली बिबट्या उतरतो. काल एक करडू नेलं. पण तुला काय भीती, मावशी? तुझा तर तो भाचाच."

मांजरी एव्हाना खिडकीतून उडी मारून वाटेला लागली होती.

जंगलाच्या वाटेवर ती या आधी ओढ्यापलीकडे कधी गेली नव्हती. पाचोळा वाजला की तिचे अंग फुले. पण कुत्र्याच्या रक्ताचा वास वाटेवर होता आणि तो वास धरून ती चालत राहिली. पाडा आला. झोपड्या जवळजवळ होत्या, आणि एक तेवढी लांब, झाडीला लागून. तिच्या दाराला गंजके कुलूप होते. त्या कुलपाकडे तोंड करून कुत्रा बसला होता.

"चल घरी," मांजरी धापा टाकत म्हणाली.

"कुणाच्या?" कुत्र्याने विचारले. त्याने मान वळवली नाही.

"मी खोटं बोलले. ती येणार आहे. उशीर म्हणजे नुसता उशीर. आज शिबिर आहे, त्यासाठी मोठी पिशवी लागते."

कुत्र्याने आता तिच्याकडे पाहिले. "मग सकाळी तसं का म्हणालीस?"

मांजरीला खूप बहाणे सुचले. तिने एकही सांगितला नाही. "मला तुझा मत्सर वाटत होता," ती म्हणाली. "तुला सगळं मिळत होतं. तू जावंस असं मला वाटत होतं."

कुत्रा म्हणाला, "सकाळी मी तुझ्यावर विश्वास ठेवला. ते खोटं होतं, असं तू आता सांगतेस. मग आता जे सांगतेस ते खरं कशावरून?"

मांजरीने शपथा घेतल्या असत्या, पण खोटे बोलणाऱ्याची शपथही खोट्यातच धरली जाते. ती निमूटपणे त्याच्याजवळ जाऊन बसली.

"तू जा," कुत्रा म्हणाला. "मी इथंच थांबणार."

"मग मीही थांबते."

एवढ्यात झाडीतून आवाज आला. करवतीने लाकूड कापावे तसा, घर्र घर्र, थांबून थांबून. दोघांच्याही मानेवरचे केस उभे राहिले. बाजूलाच जांभळाचे झाड होते. दोन उड्यांत मांजरी त्याच्या शेंड्यावर गेली असती. कुत्र्याला झाडावर चढता येत नव्हते. मांजरीने झाडाकडे पाहिले, कुत्र्याच्या फाटलेल्या कुशीकडे पाहिले, आणि ती जागची हलली नाही. नुसती थरथरत राहिली.

"चढ ना झाडावर," कुत्रा कुजबुजला.

"नाही चढत."

"बिबट्या तुला खाईल."

"तुलाही खाईल."

कुत्रा उठून उभा राहिला. स्वतःसाठी तो तिथून उठला नसता. पण ही थरथरणारी मांजरी इथे बसून राहणार, हे त्याला पाहवेना. "चल," तो म्हणाला. "तुला घरी सोडतो. मग माझं मी बघेन."

झोपड्यांमधून, माणसांच्या आवाजांच्या आणि चुलींच्या धुराच्या कडेकडेने तो तिला घेऊन निघाला. करवतीचा आवाज थोडा वेळ झाडीतून बरोबर येत राहिला, मग मागे पडला. टेकडी उतरून ती दोघे घराशी आली, तेव्हा दिवेलागण झाली होती. दाराला कुलूप तसेच होते. कुत्र्याने कुलपाकडे पाहिले, मग मांजरीकडे पाहिले, आणि तो परत जायला वळला.

त्याच वेळी रस्त्यावर एक जीप थांबली आणि तिच्यातून सगुणाबाई उतरल्या. खांद्याला ती मोठी पिशवी होती.

कुत्रा भुंकला नाही. धावलाही नाही. तो होता तिथेच खाली बसला.

मुलांनो, गोष्ट इथेच संपली असती तर बरे झाले असते. पण मांजरीच्या खोट्याचे फळ अजून यायचे होते. सगुणाबाईंनी कंदिलाच्या उजेडात कुत्र्याची जखम धुतली, टाके घातले. खिडकीवरचे रक्त पाहिले. त्यांना वाटले, त्याला एकटे राहवत नाही म्हणून तो जीव धोक्यात घालून खिडकीतून बाहेर पडला. मांजरी खिडकीत बसून सारे पाहत होती, पण माणसांना सांगता येईल अशी भाषा तिच्यापाशी नव्हती.

"काकू, माझं चुकतंय," दुसऱ्या दिवशी सगुणाबाई द्वारकाकाकूंना म्हणाल्या. "मला कामावर जावंच लागतं. याला कोंडून ठेवणं म्हणजे याचा छळ आहे. दौलतला निरोप पाठवलाय. त्याच्या मळ्यावर दिवसभर माणसं असतात. बाजाराला येईल तेव्हा घेऊन जाईल."

दौलत म्हणजे त्यांचा भाऊ. मांजरीने हे ऐकले. इतके दिवस ती ज्याची वाट पाहत होती, ते आता आपणहून चालत येत होते. तिने फक्त गप्प बसायचे होते, आणि गप्प बसणे तिला उत्तम जमत असे. आणि लपवून काय करायचे, क्षणभर तिच्या मनात जुना आनंद चमकूनही गेला. मग तिला ती दुपारची शांतता आठवली. कुलपासमोर बसलेली ती पाठ आठवली. एकदा सोडलेल्याला पुन्हा सोडणार, आणि तेही तिच्यामुळे.

सगुणाबाई कामाला गेल्या, तशी मांजरी फळीवरून उतरून लुगड्याच्या काठावर येऊन बसली.

"तुला वाट बघता येत नाही," ती कुत्र्याला म्हणाली, "कारण तू दाराकडे बघतोस. दार दिवसभर दारच असतं. तू कान दे. आता सायकलची घंटा वाजेल, दूधवाल्याची. तेव्हा ती ओढ्यापाशी पोहोचलेली असते."

कुत्र्याला तिचा भरवसा नव्हता.

"मी सांगते म्हणून मानू नकोस," मांजरी म्हणाली. "ऐक आणि खरं होतं का बघ."

घंटा वाजली. कुत्र्याचा एक कान हलला.

"यानंतर शाळा भरेल. मग बराच वेळ काही नाही, तेव्हा झोपायचं. मग दुपारची एसटी वळणावर कर्कश ब्रेक मारते. मग शाळा सुटते, मग शेळ्या परततात, त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजतात. आणि शेळ्यांमागोमाग ती."

"आणि शेळ्यांमागोमाग ती आली नाही तर?"

"तर तो उशीर. मग चुली पेटतात, धुराचा वास येतो. आणि धुरामागून ती येते. काल आली तशी."

त्या दिवशी मांजरी झोपली नाही. एकेक आवाज आला, की ती म्हणे, "हा बघ." प्रत्येक आवाज तिने सांगितला तसाच आला. शेळ्या परतल्या आणि त्यांच्यामागोमाग किल्ली कुलपात फिरली. कुत्र्याने मांजरीकडे वळून पाहिले. तिने खरे सांगितले होते. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले, तिसऱ्या दिवशीही. मग आवाज यायच्या आधी कुत्राच सांगू लागला, "आता एसटी." दोन आवाजांमधल्या रिकाम्या वेळात तो डोळे मिटू लागला, आणि त्या वेळात मांजरी जागी राही. दुपारची झोप मोडणे ही काय शिक्षा असते, ते मांजरींनाच ठाऊक.

बाजाराच्या दिवशी दौलत उन्हे कलायच्या जरा आधी येऊन थडकला. हातात नवा दोर होता. बहीण घरी नव्हती, म्हणून तो द्वारकाकाकूंच्या ओट्यावर टेकला.

"फार रडतो म्हणे कुत्रा?" त्याने विचारले.

"रडायचा," काकू म्हणाल्या. "आता कितीतरी दिवस आवाज नाही. मला तर वाटलं, मेला की काय. म्हणून मी खिडकीतून डोकावले."

"मग?"

"तुम्हीच बघा."

दौलतने खिडकीतून पाहिले. लुगड्यावर कुत्रा गाढ झोपला होता. त्याच्या पोटाशी मांजरी बसली होती, कान दाराकडे लावून. शेळ्यांच्या घंटा वाजल्या, तेव्हा तिने पंजाने कुत्र्याच्या नाकावर टपली मारली. त्याने डोळे उघडले, आळस दिला आणि दोघेही दाराकडे तोंड करून बसली.

सगुणाबाई आल्या. दारात भाऊ आणि दोर पाहून त्यांचा चेहरा पडला.

"हा एकटा राहत नाही असं कोण म्हणालं?" दौलत म्हणाला. "हा तर घोरतो. आणि एकटा कुठं आहे? मी याला नेला, तर ती मांजर माझ्या मागं मळ्यापर्यंत येईल."

सगुणाबाईंनी दार उघडून आत पाहिले. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि भावाला म्हणाल्या, "चहा घे आणि जा. कुत्रा इथंच राहील."

त्या संध्याकाळी बाजारातून मासळी आली होती. माशाचे डोके कुत्र्याला मिळाले आणि शेपटी मांजरीला. मांजरीने त्या डोक्याकडे पाहिले आणि तिच्या पोटात थोडे जळलेच. मत्सर काही एका दिवसात मरत नाही. पण तिने मान फिरवली आणि शेपटी खाऊन टाकली. कुत्र्याने अर्धे डोके खाऊन उरलेले तिच्याकडे सरकवले, तेव्हा तिने ते घेतले आणि मग ती त्याच्या पाठीला पाठ लावून झोपली.

तात्पर्य : दुसऱ्याला माया जास्त मिळते असे दिसले, तर आधी त्याचे दुःख किती मोठे आहे ते पाहावे. त्याला घालवून आपल्या वाट्याची माया वाढत नाही, घर तेवढे रिकामे होते.